मागच्या पडवीतला सुरय

पक्षी बघणाऱ्या माणसाशी लग्न केलं की रविवार हा वार आयुष्यातून उठतो. माझा उठला तो पन्नासच्या दशकात, बंगलोरला, मल्लेश्वरममधल्या एका मंगलोरी कौलांच्या भाड्याच्या घरात. आमचे यजमान एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. आठवड्याचे सहा दिवस ते तिथे कसली कसली मोजमापं घेत आणि सातव्या दिवशी उजाडायच्या आत सायकल काढून तळ्यांकडे पळत. बरोबर त्यांच्यासारखेच आणखी काही जण. दुपारी चिखलाने माखून सगळी टोळी आमच्या व्हरांड्यात यायची आणि कांदेपोह्यांचा फडशा पाडत एकमेकांशी भांडायची. भांडण कशावरून, तर मूठभर पाखराचे पाय पिवळे होते की हिरवट. एकदा मी विचारलं, "पोह्यांत मीठ बरोबर पडलंय का, ते कुणी सांगेल का?" तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी मीठ घातलंच नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पण माणसं एकेक लाखमोलाची. त्यांचे पुढारी म्हणजे वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. कन्नड, उंच, पांढऱ्या मिशांचे. वनस्पतींवर त्यांनी पोट भरलं, पण जीव पक्ष्यांवर. पाखरू उडू नये म्हणून आयुष्यभर कुजबुजून त्यांचा आवाजच तसा झाला होता. चहा हवा असला तरी गुपित सांगितल्यासारखा मागत. दुसरे एक अय्यंगार, बँकेत अधिकारी, कपाळाला ठसठशीत नाम. तिसरे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. यजमान सगळ्यांत धाकटे, म्हणून सगळ्यांचे लाडके. आपसांत ही मंडळी इंग्रजी आणि कन्नडची खिचडी करून बोलत. मराठी आमच्याखेरीज कुणालाच येत नव्हतं. मला स्वतःला तोवर कन्नडमधले ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढे दोन शब्द येत होते आणि तेवढ्यावर मी अख्खा बाजार करून येत असे.

माझे सासरे आदल्या वर्षी वारले होते. कोकणातलं समुद्रकाठचं घर बंद करून यजमानांनी सासूबाईंना इकडे आणलं. म्हातारी माणूस एकटी कशी राहील, या विचाराने आणलं आणि सगळ्या नातेवाइकांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही निघताना वाद घातला नव्हता. इथे आल्यावर मात्र दर दोन-चार दिवसांनी जेवताना त्या एकच वाक्य बोलत, "मला घरी पोचव हो आता."

यजमान म्हणत, "आई, हेही घरच आहे." आणि दुसऱ्या दिवशी कुठून तरी आमसुलं नाही तर कुळथाचं पीठ पैदा करून आणत. मागच्या अंगणात त्यांनी आईसाठी अळू लावलं, माडाचं रोप लावलं. समुद्राचं चित्र असलेलं एक कॅलेंडर मिळवून तिच्या पलंगासमोर टांगलं. सासूबाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण याला आवाज नाही रे." यजमान हसले. आईला विनोद सुचतोय, म्हणजे तिचं मन इथे लागतंय, असं त्यांनी रात्री मला समजावून सांगितलं. माझं आणि सासूबाईंचं तोवर चांगलं जमलं होतं. त्या जाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं, पण त्या राहिलेल्या नाहीत, नुसत्या थांबल्यात, हे मला स्वयंपाकघरात रोज दिसत होतं.

त्या वर्षी नोव्हेंबर सरताना मद्रासकडे मोठं वादळ झालं. बंगलोरला दोन दिवस नुसती झिमझिम आणि बोचरा वारा. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई सोवळ्याचं लुगडं वाळत घालायला मागच्या अंगणात गेल्या आणि तिथून त्यांनी मला हाक मारली, "अगो, लवकर ये. समुद्रावरचं कुणीतरी आलंय."

मला वाटलं गावचं कुणी माणूस आलं. जाऊन बघते तर धुण्याच्या दगडाला टेकून एक पक्षी बसलेला. अंग कबुतराएवढं, पण पंख केवढे तरी लांब. पाठ काळीभोर, पोट पांढरंस्वच्छ, कपाळावर पांढरा पट्टा, शेपटी मधोमध चिरलेली. डोळे अर्धे मिटलेले. सासूबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडव्या बसल्या होत्या आणि पदराने त्याच्यावरचा वारा अडवत होत्या.

यजमान दाढी करता करता आले. एका गालाला साबण तसाच. त्यांनी पक्षी पाहिला आणि मटकन खालीच बसले. "सुरय," ते म्हणाले. "काळ्या पाठीचा. आई, हा इथे असूच शकत नाही."

"आहे तर खरा," सासूबाई म्हणाल्या.

मग यजमानांनी आम्हाला सांगितलं. हा पक्षी भर समुद्रातला. वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही, झोपतोसुद्धा उडता उडता. आणि बंगलोर कुठे, समुद्रापासून रात्रभराच्या गाडीवर आणि तीन हजार फूट उंच. वादळाने उचलून आणून टाकला असणार. नीट न्याहाळून झालं तसे ते त्याच अर्ध्या दाढीने सायकलवर बसले आणि प्राध्यापकांकडे सुटले.

दुपारपर्यंत आमच्या दारात सायकलींची रांग लागली. बँकेतून, शाळेतून, कुठून कुठून माणसं आली. आजारी म्हणून रजा टाकून आलेले दोघे एकाच कचेरीतले निघाले आणि व्हरांड्यात एकमेकांना बघून ओशाळले. सगळ्यांना एकच घाई, मागच्या पडवीत जायची. आणि पडवीच्या दारात सासूबाई उभ्या.

पडवीत त्यांचं सोवळं वाळत असे, देवाचं पाणी तिथेच भरलेलं असे. तिथे कातडं चालत नसे. वहाणा सगळ्यांनी आधीच काढल्या होत्या. सासूबाईंनी दुर्बिणींकडे बोट दाखवलं. दुर्बिणींची घरं कातड्याची, गळ्यातले पट्टे कातड्याचे. ते निघाले. मग घड्याळांचे पट्टे. मग त्यांची नजर खाली गेली आणि यजमान चाचरत म्हणाले, "आई, कमरेचे पट्टे राहू देत ना."

"का? गाईच्या कातड्याचे नव्हेत ते?"

तेव्हा व्हरांड्यातल्या खुंट्यांवर पट्टे लटकले. बंगलोरच्या पक्षीनिरीक्षकांनी आयुष्यातला सगळ्यात दुर्मीळ पक्षी पाहिला तो एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हाताने पाटलोण सावरत. दुर्बिणीची गरजही नव्हती म्हणा, पक्षी चार हातांवर होता. पण सवय. अय्यंगार तेवढे धोतरात होते, ते ऐटीत दोन्ही हात मोकळे सोडून उभे राहिले. प्राध्यापकांच्या मिशा हलत होत्या, डोळे भरले होते. एवढा मोठा माणूस रडकुंडीला आलेला मी प्रथमच पाहिला आणि मला एकदम सगळी टोळी फार आवडली.

आमच्या घरमालकीणबाई शेजारीच राहत. तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेल्या मराठी घराण्यातल्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. गर्दी बघून त्याही आल्या. "अम्मा, स्वल्प बघू द्या की मला," म्हणत पुढे झाल्या, पक्ष्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "तुमच्याच गावाकडचं हाय की हो हे. कोण न्यायला आलंय की काय तुम्हाला?" सासूबाई नुसत्या हसल्या. यजमान प्राध्यापकांबरोबर पंखांची लांबी मोजत होते, त्यांनी काही ऐकलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी असा भलत्याच ठिकाणी आलेला पक्षी नुसता पाहून भागत नसे. पाहिला म्हणता, मग त्याचं कातडं कुठे आहे, असं मोठे जाणकार विचारत. पक्षी मेला की कातडं सोलून, कापूस भरून मुंबईच्या संग्रहालयात पाठवायचं, तेव्हा कुठे नोंद पक्की व्हायची आणि पाठवणाऱ्याचं नाव छापून यायचं. यजमानांना या छापील नावाची किती आस होती, ते मला ठाऊक होतं. प्राध्यापक मनाने मऊ. ते यजमानांना बाजूला घेऊन कुजबुजले, "मारायचं कुणी म्हणत नाही. पण बिचाऱ्याचं आपलं आपण काही झालंच, तर लगेच मला बोलाव." आणि जाताना एक डबी आमच्या फळीवर ठेवून गेले. तीत कापूस आणि कसली तरी विषारी भुकटी होती. मी ती उचलून न्हाणीघराच्या माळ्यावर फेकली. पुढचे दिवस जो तो येऊन "कसा आहे?" विचारायचा आणि जिवंत आहे म्हटल्यावर चेहऱ्यावर जे उमटायचं, त्याला आनंद म्हणावं की काय, ते मला कळत नसे.

पक्ष्याला खायला घालायला हवं होतं. मासे. आणि इथे सगळ्यांचं घोडं पेंड खायला लागलं. कुठला पक्षी कुठला मासा खातो, हे यांना तोंडपाठ. पण मासा हातात धरलेला एकही नाही. सगळे सात पिढ्यांचे शाकाहारी. अखेर अय्यंगारांनी छाती पुढे काढली आणि छत्रीच्या आडोशाने दंडूच्या बाजारात गेले. दंडू म्हणजे कँटोन्मेंट, तिथे ओळखीचं कुणी भेटायची भीती कमी. तासाभराने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आले. कोळिणीने विचारलं म्हणे, केवढा देऊ, तर यांनी डोळे मिटून मान हलवली. बोचकं सोडलं तर आत पक्ष्यापेक्षा लांब मासा.

"हा मासाच हिला खाईल," सासूबाई म्हणाल्या. पक्ष्याला त्या पहिल्यापासून ‘ही’ म्हणत. "बोटाएवढे आणा म्हणावं. ओले."

तेवढ्यात दिवस गेला. पक्षी मान टाकू लागला. दुसऱ्या दिवशी या मंडळींच्या डोक्यात एक कल्पना आली आणि अशी कल्पना यांच्याच डोक्यात येऊ शकते. समुद्राचा पक्षी, त्याला समुद्राची आठवण येत असणार, तर त्याला समुद्र द्यायचा. मागच्या अंगणात कपडे भिजवायचा सिमेंटचा हौद होता. यजमानांनी प्रयोगशाळेतून पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी मागून आणली. माझी खड्या मिठाची बरणी रिकामी झाली, अक्कांची झाली. अय्यंगार बँकेतल्यासारखं काटेकोर मीठ तोलत होते. प्राध्यापक पुस्तकात बघून बंगालच्या उपसागराचं तापमान सांगत होते आणि मी बंबातलं कढत पाणी ओतत होते, कारण मलाही तोवर त्यात गंमत वाटायला लागली होती. यजमानांनी नळी बुडवली, डोळा लावला आणि जाहीर केलं की हा अगदी तंतोतंत समुद्र आहे.

पक्ष्याला त्यात सोडलं. तो तरंगला. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि पाटलोणी आठवून पुन्हा खाली घेतले. मास्तर चित्र काढायला बसले. मग हळूहळू त्याचे पंख भिजून जड व्हायला लागले. छाती बुडाली, मान तेवढी वर राहिली, आणि सगळे विद्वान "पोहतोय, पोहतोय" म्हणून बघत राहिले.

सासूबाई पूजा आटोपून बाहेर आल्या. त्यांनी एक नजर टाकली, तशाच सोवळ्यात हौदात हात घातला आणि पक्षी बाहेर काढला. चिंब, थंडगार, थरथरत होता. त्याला पदरात घेऊन त्या वळल्या. "मीठ घातलं की समुद्र होतो काय रे?" एवढंच म्हणून चुलीपाशी गेल्या.

यजमानांनी खाली मान घालून ते वाक्य सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. प्राध्यापकांनी पुन्हा पुस्तक काढलं, पानं उलटली आणि त्यांचा चेहरा पडला. बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा पक्षी पाण्यावर बसतच नाही, त्याची पिसं भिजतात. रंगरूपाचं पान त्यांनी सगळ्यांनी दहादा वाचलं होतं. स्वभावाचं पान कुणी उघडलंच नव्हतं.

सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने एकेक पीस टिपलं. दुपारी अय्यंगारांनी बोटाएवढे मासे आणले. मग सासूबाईंनी मला विळी बाजूला ठेवायला सांगितली, एक मासा शेपटीकडून धरला, डाव्या हाताने चोच उघडली आणि डोक्याकडून अलगद आत सरकवला. पक्ष्याने गिळला. मी बघतच राहिले. या बाईने माझ्या हातची, कांद्याचा हात लागलेली भाकरी कधी खाल्ली नव्हती.

"शेजारच्या खारव्यांच्या पोरांनी पाळली होती अशीच एक, लंगडी," त्या मला म्हणाल्या. "मी कुंपणावरून बघायच्ये. आई ओरडायची." मग दुसरा मासा उचलला. "खा गो बाय. खाल्लंस तर जाशील."

त्यानंतर दर खाऊ घालण्यामागे त्यांची एक डोक्यावरून आंघोळ. डिसेंबरची थंडी, दिवसात चार-चार आंघोळी, आणि बंब पेटवायला मी. मी कुरकुर केली तर म्हणायच्या, "तू घाल मग तिला मासे." माझी काही हिंमत झाली नाही. पण त्या दिवसांत सासूबाई गुणगुणायला लागल्या होत्या. पक्ष्याला गावच्या गोष्टी सांगायच्या, कुठल्या घराशी भरतीचं पाणी कुठवर येतं, कुणाच्या आगरात सुपारी चांगली धरते. मी भाजी निवडत ऐकायची. वर्षभरात माझ्याशी जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं त्या आठवड्यात पाखराशी बोलल्या. मला जरासा हेवाही वाटला.

मासे आणायच्या पाळ्या लागल्या. अय्यंगार तर आपल्या दहीभाताच्या डब्यात मासे घालून आणायला लागले, म्हणजे कुणाला संशय नको. घरी कळलं तेव्हा त्यांच्या बायकोने तो डबा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि नवऱ्यालाही, असं तेच हसत सांगत.

रविवार आला तोवर पक्षी पडवीत पंख पसरून उभा राहायला लागला होता. त्याला सोडायचा कुठे, हे ठरवायला व्हरांड्यात सगळे जमले. मद्रास लांब, रात्रभराचा प्रवास, गाडीत दगावला तर? त्यापेक्षा येलहंक्याचं तळं. वादळाच्या पावसाने तुडुंब भरलेलं, मासे भरपूर, सायकलने जाण्याजोगं. शिवाय तिथे सोडला तर दर रविवारी जाऊन बघता येईल. हे शेवटचं ते शेवटी बोलले, पण माझ्या मते विचार पहिल्यांदा तोच आला होता. सगळ्यांचं एकमत झालं आणि यजमान खुशीत आईला सांगायला आत आले. बाकीचे त्यांच्या मागोमाग दारापर्यंत.

सासूबाई विळीवर दुधी चिरत होत्या.

"आई, ठरलं. येलहंक्याच्या तळ्यावर सोडतोय. रग्गड पाणी आहे, आयते मासे आहेत. आम्ही दर रविवारी बघून येत जाऊ. सुखात राहील."

विळीवरचा हात थांबला. "कोण सुखात राहील?"

"पक्षी, आई."

"तिने सांगितलं तुला?"

यजमान हसले. "पक्षी कसा सांगेल?"

"मग? तुम्हाला दर रविवारी बघायला मिळेल म्हणून तिने तळ्यात राहायचं?"

"तसं नाही गं. मद्रास लांब आहे. वाटेत काही झालं तर कोण जबाबदार?"

"वाटेत मेली तर घरच्या वाटेवर मेली." सासूबाईंचा आवाज चढला. मी तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "जीव लावता रे तुम्ही, नाही म्हणत नाही मी. खायला घालता, हवं नको बघता, कुठून कुठून धुंडून आणता. पण कुणाला विचारीत म्हणून नाही. आणि कुणी सांगितलं, तर ऐकत नाही."

त्यांनी दुधी पुन्हा चिरायला घेतला. यजमान होते तिथेच उभे राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग कसा उतरत गेला, ते मी पाहिलं. दारातून प्राध्यापकांनी हळूच विचारलं, अम्मा काय म्हणतात? यजमान म्हणाले, "मद्रास म्हणतात."

प्राध्यापकांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. पक्षी जिवंत मद्रासला गेला की कातडं गेलं, नोंद गेली, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरी ते म्हणाले, "सरी. मद्रासच." आणि आपली विषाची डबी परत मागून घेतली. ती काढायला मला शिडी लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी यजमान कचेरीत जाऊन रजा टाकून आले. मद्रासला जाऊन यायला दोन-तीन दिवस पुरे. त्यांनी पंधरवड्याची टाकली होती. मला ते त्यांनी सांगितलं नाही, खिशात मला दिसलेल्या मुंबईच्या तिकिटांबद्दलही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी मी सासूबाईंच्या खोलीत गेले तर त्या ट्रंक भरत होत्या. "मी जाते बरोबर. त्याला हिची चोच उघडता येत नाही नीट," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरोबर आहे. मग माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली. त्यांनी गावाहून आणलेले देव तिथे नव्हते. तांब्याच्या पेटीत, रेशमी कापडात गुंडाळून ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन दशम्या करायला घेतल्या, दुधात भिजवलेल्या, म्हणजे त्यांना प्रवासात चालतील. लाटता लाटता मला रडू आवरेना. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"परत याल ना?" मी विचारलं.

"तू ये गो," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात ये. आंबे असतील. मी तुला सगळं दाखवीन." आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन उरलेल्या दशम्या त्यांनीच लाटल्या.

स्टेशनवर सगळी टोळी आली होती. वेताच्या करंडीत पक्षी, वर ओलं फडकं. अय्यंगारांनी वाटेसाठी मासे दिले, डबा परत नको म्हणाले. मास्तरांनी काढलेलं चित्र सासूबाईंना दिलं. प्राध्यापक करंडीशी वाकले आणि त्या पाखराच्या कानात काहीतरी कुजबुजले. काय, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

यजमान परतले ते रजा संपता संपता, एका रविवारी. टोळी व्हरांड्यात माझ्या आधीपासून वाट बघत होती. त्यांनी पायरीवर बसूनच सांगितलं. मद्रासच्या वाळूवर आईने पक्षी ओंजळीत धरला. तो जरा वेळ बसला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि उठला. लाटांच्या वरून थेट आत गेला. दिसेनासा होईपर्यंत पंख एकसारखे चालत होते. टोळीने मोठा सुस्कारा सोडला. मास्तरांनी डोळे पुसले.

पुढचं त्यांनी मला मराठीत सांगितलं. मद्रासहून मुंबईची गाडी, मुंबईहून आगबोट. गावाशी बोट लांबच थांबते, तिथून पडाव, म्हणजे होडी. पडाव काठाला लागायच्या आत आईने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि खारव्यांनी हात द्यायची वाट न बघता पाण्यात उतरली. भराभर चालत वाळूवर गेली. घराची कुलपं स्वतः काढली, चूल पेटवली. शेजारच्या बायका धावत आल्या, तर त्यांना म्हणाली, आल्ये गो मी.

"दोन दिवस मी तिथे होतो," ते म्हणाले. "सारखी हसत होती. मी तिला तशी कधी, म्हणजे लहानपणानंतर..." आणि खाली मान घालून वहाणा काढायला लागले.

प्राध्यापकांना वाटलं, नोंदीचं वाईट वाटतंय. कातड्याविना ती मुंबईला कुणी मानणार नव्हतं आणि पुढे मानलीही नाही. ते शेजारी बसले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "छापून नाही आलं तर नाही. तू पाहिलास ना? तेवढं पुरे."

यजमानांनी उत्तर दिलं ते मराठीत, माझ्याकडे बघून. "वर्षभर माझ्या घरात समोर बसली होती. मला दिसली नाही."

प्राध्यापकांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी मान डोलावली, यजमानांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला.